फिरत्या खोलीच्या बाहेर

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. टाळणं सोपं होतं, कारण कुणी विचारत नव्हतं. ज्या माणसाला विचारायचा अधिकार होता त्यानेही कधी जाब विचारला नाही, आणि आता तो विचारू शकणार नाही. दिलीप रामटेके गेले त्याला काही आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी बाल्कनीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होतो. कॉलेजातल्या आम्हा जुन्या सहकाऱ्यांचा मोबाईलवर एक गट आहे. एरवी त्यावर सकाळी फुलांची चित्रं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. त्या दिवशी एक ओळ आली, आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येत राहिली. मीही एक टाकलं. मग कोडं पूर्ण केलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं... नोंद करायलाच बसलो आहे तर पहिल्यापासून नीट करावी.

पुढचे दोन दिवस त्या गटावर आठवणी येत होत्या. रामटेके हुशार होते, हाताने काहीही बनवायचे, मुलांचे लाडके होते, असं बहुतेकांनी लिहिलं. एकाने लिहिलं, ‘ते प्रकरण घडलं नसतं तर आज प्राचार्य म्हणून निवृत्त झाले असते. बिचाऱ्यांना त्यांच्याच यंत्राने दगा दिला.’ त्यावर आणखी काही जण हळहळले. यंत्राने दगा दिलेला नव्हता. हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती. आता एक उरला आहे, म्हणून हा लेख.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. शेवटची बरीच वर्षं विभागप्रमुख होतो. रामटेके आमच्याकडे आले तेव्हा नवं आर्थिक धोरण येऊन थोडीच वर्षं झाली होती. गल्लोगल्ली संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि विज्ञानाच्या पदवीकडे येणारी चांगली मुलं बारावीनंतरच दुसरीकडे वळत होती. आमच्या विभागात नव्या जागा मंजूर होत नव्हत्या, म्हणून विनाअनुदानित तुकडीसाठी दरवर्षीच्या कराराने एक माणूस घ्यायचं ठरलं. मुलाखतीला भंडाऱ्याकडचा एक उंच, सडपातळ तरुण आला. मी विचारलं, “प्रयोगशाळेत काय काय हाताळता येतं?” तो म्हणाला, “जे जे बिघडलंय ते सगळं.” उत्तर पुण्याच्या माणसाला शोभणारं होतं, म्हणून मला आवडलं. त्याची निवड व्हावी यासाठी मी बोललो, हेही खरं आहे. माझ्या बाजूने सांगण्यासारखं जे थोडं आहे त्यातलं हे एक.

रामटेके शनिवार पेठेत सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहू लागले आणि काही महिन्यांतच आमची ओळख वाढली. ती वाढली एका वादामुळे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच टिपण सांगत असे. त्यात एक वाक्य मी अधोरेखित करायला लावत असे: अपकेंद्री बल हे खरं बल नव्हे, ते आभासी असतं. भौतिकशास्त्र सोडून बराच काळ झालेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बस जोरात वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो. बसमधल्या माणसाला वाटतं, आपल्याला कुणीतरी ढकललं. रस्त्यावर उभ्या असलेल्याला दिसतं की ढकललं कुणीच नाही, प्रवासी सरळच चालला होता, बस तेवढी वळली. त्या न दिसणाऱ्या ढकलण्याला अपकेंद्री बल म्हणतात. यावर माझं म्हणणं मी वर्गात एका वाक्यात मांडायचो: ढकलणारा दाखवा, मग बल मानतो. दोरी ओढते, चुंबक ओढतं, पृथ्वी ओढते. तिथे ओढणारा कुणीतरी आहे. वळत्या बसमध्ये कोण आहे? कुणी नाही. म्हणजे ते बल नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत रामटेके माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “सर, ‘खरं नाही’ म्हणजे नेमकं कुणासाठी खरं नाही?”

“कुणासाठीच नाही.”

“बसमध्ये ज्याचं डोकं आपटलं त्याच्यासाठी?”

“त्याचं डोकं खरं, खांब खरा, टेंगूळ खरं. बल तेवढं आभासी.”

त्यांना हे पटणारं नव्हतंच. त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावरचा माणूस खरा आणि बसमधला चुकलेला, हे ठरवलं कुणी? पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणजे रस्त्यावरचा माणूसही एका मोठ्या बसमध्येच उभा आहे. शिवाय गच्चीवरून पडणाऱ्याला पडताना स्वतःचं वजन जाणवत नाही. “मग वजनही आभासी म्हणायचं का सर? हे सगळं कुठे थांबायचं ते तुम्हीच सांगा.” मी म्हणालो, “जमिनीवर.” स्टाफरूम हसली, रामटेकेही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तोच प्रश्न घेऊन आले. त्यानंतर आमचा दुपारचा चहा बहुतेक याच विषयावर होत असे. इतर सहकारी कंटाळून उठून जात. मला मात्र वर्गात न मिळणारं काहीतरी त्या चहात मिळत होतं, हे कबूल करायला हवं.

रामटेक्यांच्या पत्नी, शोभावहिनी, पुण्याजवळच्या मांजरी गावात साखरेवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत रसायनाचं काम करत. एकदा त्या दोघांनी मला एका साखर कारखान्यात नेलं. तिथे मोठ्या पिंपासारखी जाळीची यंत्रं असतात. त्यात उसाच्या आटवलेल्या रसाची तपकिरी, चिकट रबडी ओततात आणि यंत्र वेगाने फिरवतात. मळी जाळीतून बाहेर जाते आणि आतल्या भिंतीला साखर चिकटून राहते, बघता बघता पांढरी होत जाते. यंत्राच्या आवाजात वहिनी माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, “हे यंत्र ज्या बलावर चालतं ते नाहीच आहे म्हणे तुमच्या मते!” मी ओरडून सांगितलं, “जमिनीवरून हिशोब मांडला तरी साखर एवढीच पांढरी निघेल.” शास्त्राच्या दृष्टीने ते उत्तर बरोबर होतं. रामटेक्यांनी चिमूटभर गरम साखर माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “आभासी साखर, सर. खाऊन बघा.”

या वादातूनच फिरत्या खोलीची कल्पना निघाली. रामटेक्यांना वाटे की मुलांना हे फळ्यावर कळणार नाही, त्यांना आत बसवायला हवं. त्यांनी जुन्या बाजारातून ट्रकच्या चाकाचं एक भलंमोठं बेअरिंग आणलं. त्यावर गोल, जाड प्लायवूडची जमीन बसवली, भोवती हार्डबोर्डच्या भिंती उभ्या केल्या आणि खिडक्यांना वहिनींच्या जुन्या चादरींचे पडदे लावले. आत चार स्टुलं जमिनीला बोल्टने आवळलेली होती. बाहेरच्या बाजूला एक लोखंडी दांडा होता. तो धरून गोल चालायचं, की खोली फिरे. कॉलेजच्या मागच्या बाजूला आमचा एक जुना हॉल होता, त्याच्या मधोमध ती उभी राहिली. आत बसलं की थोड्या वेळाने आपण फिरतो आहोत हे विसरायला होई. मग रामटेके जमिनीवर खडूची भुकटी पसरून पोलादी गोळी सरळ सोडत, आणि गोळी वाकडी जाई. काचेच्या कंदिलातली ज्योत कुठे झुकेल यावर मुलं पैज लावत. सगळे म्हणत बाहेरच्या बाजूला, आणि ती झुके आत, मध्याकडे. असं का होतं यावर तो तास आणि पुढचाही तास जाई.

त्या खोलीचा एकच नियम होता. आत सायकलची एक घंटा बसवलेली होती, रामटेके राहत त्याखालच्या सायकलच्या दुकानातूनच आणलेली. एकदा वाजली की बाहेरच्याने हळू सुरुवात करायची. दोनदा वाजली की वेग तोच ठेवायचा. आतले सगळे आपापल्या जागी बसले की तीनदा वाजवायची, आणि त्यानंतरच बाहेरच्याने हळूहळू थांबवायचं. “घंटा आतल्याची, हात बाहेरच्याचे,” असं रामटेके प्रत्येक तुकडीला बजावत. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. हा नियम साधाच होता, आणि त्या खोलीत जे शिकायचं ते सगळं त्यात होतं. पण हे मला खूप उशिरा सुचलं.

मी स्वतः आत कधी बसलो नाही. रामटेके म्हणायचे, “एकदा येऊन तर पहा जी सर, काहून घाबरता?” मी म्हणायचो, मला चक्कर येते. खरं कारण वेगळं होतं. आत बसलो असतो तर ते बल मलाही जाणवलं असतं, आणि मग माझं वाक्य मुलांना त्याच ठामपणे सांगता आलं नसतं.

त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात खोलीसमोर रांग होती. त्याच आठवड्यात एक सॉफ्टवेअर कंपनी मुलांच्या निवडीसाठी प्रथमच आमच्या कॉलेजात आली होती, त्यामुळे सगळ्या इमारतीला रंग दिल्यासारखा उत्साह होता. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन हिंडत होते. मागचा हॉल त्यांना संगणकाच्या प्रयोगशाळेसाठी हवा होता, आणि ते तो दाखवायला आणणार हे मला ठाऊक होतं. दुपारी दांडा ढकलणारी दोन्ही मुलं कंपनीच्या परीक्षेची घोषणा ऐकायला पळाली. आत रामटेके आणि काही विद्यार्थी होते. पडद्याआडून रामटेक्यांचा आवाज आला, “सर, बाहेर आहात का? थोडा वेळ दांडा धरता?” मी धरला. “जपून हां सर,” ते आतून म्हणाले, “कुणी पाहिलं तर घाण्याचा बैल म्हणतील.” आतली मुलं हसली. घंटा एकदा वाजली, मी चालू लागलो. दोनदा वाजली, मी वेग तसाच ठेवला. माझे दोन-चार फेरे झाले असतील... तेवढ्यात व्हरांड्यातून प्राचार्यांचा आवाज आला. ते इंग्रजीत कुणाला तरी विभागाची माहिती देत होते, आणि पावलं हॉलकडे येत होती.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सूट घातलेल्या पाहुण्यांसमोर, घामेजलेला शर्ट घालून, वाकून गोल गोल फिरणारा विभागप्रमुख मला दिसला. म्हणजे मी मलाच बाहेरून दिसलो. मी टाचा रोवल्या, दांड्यावर सगळा भार टाकला आणि खोली थांबवली. घंटा वाजलेली नव्हती. आत वैशाली नावाची दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गोळीची रेघ बघायला उठून वाकली होती. ती तशीच पुढे गेली आणि स्टुलाच्या कडेवर आदळली. आधी कंदील फुटल्याचा आवाज आला, मग तिचा. तिचा हात मोडला आणि भुवईवर, डोळ्यापासून अगदी थोड्या अंतरावर, खोल जखम झाली. डोळा वाचला. प्राचार्य दारातून आत आले तेव्हा मी दांडा सोडून, शर्ट नीट करून, दोन पावलं मागे उभा होतो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. प्राचार्य वाणिज्य शाखेचे होते, सभ्य गृहस्थ. दांडा मी ढकलत होतो हे आतल्या मुलांना ठाऊक होतं, पण विभागप्रमुखानेच खोली एकाएकी थांबवली असेल हे कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. यंत्र अडकलं, असंच सगळे धरून चालले होते. समोर रामटेके बसले होते. प्राचार्यांनी मला विचारलं, “आपटे सर, त्या मुलीला कुणी ढकललं का?”

मी म्हणालो, “नाही. तिच्यावर कुणीही बल लावलेलं नव्हतं.”

“मग ती पडली कशी?”

“ती होती त्याच वेगाने पुढे गेली. खोली थांबली.”

“खोली का थांबली?”

मी म्हणालो, “बेअरिंग जुनं आहे. भंगारातलं.”

माझी सगळी विधानं खरी होती. परीक्षेत असती तर मी पूर्ण गुण दिले असते. मुलीवर बाहेरून कुणी बल लावलेलं नव्हतं, बेअरिंग जुनं होतं आणि भंगारातून आणलेलं होतं. खऱ्या वाक्यांची एवढी चोख रचना करून मी आयुष्यात दुसऱ्यांदा काही लपवलं नाही. प्राचार्य रामटेक्यांकडे वळले. “तुमचं काय म्हणणं?” रामटेके माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. वर्गात एखादा हुशार मुलगा चुकीच्या वाटेने बरोबर उत्तरापाशी पोचला की शिक्षक बघतो, तसं ते बघणं होतं. ते म्हणाले, “बाहेरून पाहिलं तर सर म्हणतात ते बरोबर आहे.” प्राचार्यांनी ही कबुली मानली. मीही मानू दिली.

त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, “शेवटी कोट्यातून आलेलं यंत्र ते, किती चालणार?” हे कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं. रामटेके आपल्या गुणवत्तेवर निवडले गेले होते हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, मुलाखत मीच घेतली होती. दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही. बरीच वर्षं हे न हसणं मी माझ्या जमेला धरत आलो. आता वाटतं, त्या क्षणी चहाचा कप खाली ठेवून एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि त्यासाठी तर मला स्वतःचं काही कबूलही करावं लागणार नव्हतं.

खोली मोडायला माणसं आली त्या दिवशी संध्याकाळी रामटेके माझ्या केबिनमध्ये आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते बेअरिंग होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, आतल्या कड्यात बोट घातलं आणि फिरवलं. ते फिरत राहिलं. एवढं जड लोखंड, पण आवाज नाही, अडखळणं नाही. आम्ही दोघं ते थांबायची वाट बघत होतो आणि ते थांबत नव्हतं. शेवटी रामटेके म्हणाले, “फिरतंय, सर.”

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी ते पुन्हा कागदात गुंडाळलं आणि गेले. मला वाटतं, त्यांनी मला दिलेली ही पहिली संधी. उन्हाळ्यात त्यांच्या कराराचा प्रश्न आला. प्राचार्यांनी माझं मत विचारलं. मी म्हणालो, हा प्रशासनाचा निर्णय आहे. करार झाला नाही. हॉलमध्ये संगणक आले, दारात चपला काढून आत जायची पद्धत आली, आणि उद्घाटनाला मी नारळ वाढवला.

रामटेके वर्षभरात संगणकाची भाषा शिकले आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले. तेव्हा तिथे काचेच्या इमारती थोड्या आणि शेतं जास्त होती. पगार माझ्यापेक्षा चांगला होता, त्यामुळे झालं ते त्यांच्या भल्याचंच झालं अशी स्वतःची समजूत घालायची सोय झाली. पण त्यांचं शिकवणं सुटलं. दुसऱ्या कॉलेजांत त्यांनी अर्ज केले होते, आणि प्रत्येक ठिकाणी यंत्राची गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली होती. हे मला त्यांनी सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. ते मात्र मला फोन करत राहिले. कंपनीच्या बसमधून संध्याकाळी फोन यायचा, “सर, गळ्यात ओळखपत्र लोंबतंय. आत्ता वळणावर चांगलं बाहेर गेलं. ढकलणारा दिसत नाही.” मी हसायचो. मग ते दुसरं काही बोलायचे.

पुढे त्यांनी मांजरीला फ्लॅट घेतला. पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा स्वयंपाकघराशेजारी एक मोठं गोल टेबल होतं. मी बसलो आणि ओळखलं. खोलीची जमीन होती ती. रामटेक्यांनी ती घासून, पॉलिश करून, पाय लावून तिचं जेवणाचं टेबल केलं होतं. मधलं बेअरिंगचं भोक झाकायला त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली होती. काठाखाली ती सायकलची घंटाही होती. त्या घरात रीत अशी की सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सगळ्यांचं झालं की घंटा तीनदा वाजायची. मी विचारलं, हे काय? वहिनी हसून म्हणाल्या, “यांचं काहीतरी.” रामटेके भातावर वरण घेत होते. मान वर न करता म्हणाले, “मागे एकदा घंटा न वाजताच थांबलं होतं. तेव्हापासून काळजी घेतो.” त्या विषयावर माझ्यासमोर ते एवढंच बोलले. वहिनींनी मला आणखी एक पोळी वाढली.

त्यानंतर मी त्या घरी अनेकदा गेलो. प्रत्येक वेळी वाटेत हडपसरपर्यंत वाक्य तयार असायचं. एकदा म्हणालोसुद्धा, “रामटेके, त्या दिवशी...” ते थांबले, हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, “...त्या दिवशी तुम्ही एका पुस्तकाबद्दल सांगत होतात.” ते उठले आणि पुस्तक काढून दिलं. ते अजून माझ्याकडे आहे.

शेवटची भेट ते जाण्याआधी थोडेच दिवस झाली. हृदय अशक्त झालं होतं, पलंगावर पडून कंटाळले होते, म्हणून टेबलाशी येऊन बसले होते. बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. मला म्हणाले, “सर, आता विचारलं तर काय सांगाल? खरं की आभासी?” मी म्हणालो, मी खूप विचार केला आहे. आत बसून हिशोब करायचा तर ते बल धरावंच लागतं, आणि धरलं की सगळं जुळतं. बाहेरून हिशोब केला तर त्याची गरज पडत नाही. आत बसलेल्याला तुझं जाणवणं खोटं आहे असं सांगायचा अधिकार बाहेरच्याला नाही. माझं टिपण चुकीचं होतं. ते हसले. “एवढं मानायला बरीच वर्षं घेतलीत.”

“घेतली,” मी म्हणालो.

मग त्यांनी श्वास घेतला आणि शांतपणे विचारलं, “आणि ढकलणारा?”

आता यापेक्षा सरळ कुणी काय विचारणार? आतून बघा की बाहेरून बघा, एक गोष्ट कुठूनही बदलत नव्हती. दांड्यावर हात होते, आणि ते माझे होते. मला प्रश्न कळला होता. मी म्हणालो, “काय?”

“काही नाही,” ते म्हणाले. “चहा घ्या, निवतोय.”

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्यानंतर काही दिवसांनी, हा लेख पुरवणीला देण्याआधी, पुन्हा मांजरीला गेलो. निदान वहिनींना तरी आधी कळायला हवं, असं ठरवलं होतं. वैशालीचाही पत्ता मिळवला आहे. ती परदेशात असते, हात केव्हाच बरा झाला, भुवईवरची खूण आहे असं तिची मैत्रीण म्हणाली. तिलाही लिहिणार आहे. वहिनींनी चहा केला. आम्ही गोल टेबलाशी बसलो, रामटेक्यांच्या खुर्चीवर त्यांचा चष्मा ठेवलेला होता. मी म्हणालो, “रामटेक्यांवर लेख लिहिलाय. छापण्याआधी तुम्ही वाचा.” त्या म्हणाल्या, “त्यात वाचायचं काय सर? तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असेल.”

मी चहा पिऊ लागलो. कप रिकामा झाला तसा मी उठू लागलो. वहिनी बसूनच होत्या. म्हणाल्या, “सर, घंटा.” ती माझ्या बाजूलाच होती, इतकी वर्षं मी नेमका तिथेच बसत होतो. मी टेबलाखाली हात घातला, अंगठ्याला तो गार खटका लागला... एकदा वाजवली, दोनदा, तीनदा. मग वहिनी उठल्या, कप उचलून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. मी समोरच्या चष्म्याकडे बघत तसाच बसून राहिलो, आणि जे बोललो नाही ते असं होतं:

रामटेके, त्या दिवशी घंटा वाजली नव्हती. बेअरिंग अडकलं नव्हतं. खोली मी थांबवली. मला माफ करा.